स्वच्छ ऊर्जेत पीएच.डी. आणि हवामान धोरण: आधी काय मोजणार ते ठरवा

सोलापूरहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेरोव्हस्काइट सोलर सेलवर पीएच.डी. करायची इच्छा आहे, पण मन हवामान धोरणाकडेही ओढतं. प्राध्यापकी करत दोन्ही जमतं का, की आत्ताच एक रस्ता धरावा? आणि घरचे विचारतात, यात पोट भरेल का?" (पेरोव्हस्काइट म्हणजे सौर सेलसाठी वापरला जाणारा नव्या जातीचा स्फटिकमय पदार्थ.)

मी २८ वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयात ऊर्जा हा विषय शिकवते आहे. संशोधन गुऱ्हाळांपासून सुरू झालं, तिथून शेतीपंपांकडे गेलं, आणि गेली पंधराएक वर्षं राज्य वीज नियामक आयोगापुढच्या वीजदराच्या सुनावण्यांना नियमाने जाते. त्या अनुभवावरून लिहिते.

पोटाचं आधी सांगते, कारण त्याला वेळ लागत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी मूल्यमापन झाल्यावर ४२,००० होतात, वर नियमाप्रमाणे घरभाडं. पीएच.डी.ला पाच वर्षं धरा. त्यानंतर कायम जागा लगेच मिळेल असं घरच्यांना सांगू नका. आपल्याकडे प्राध्यापक भरती रखडते आणि चांगली चांगली मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत राहतात. मात्र वीजक्षेत्राचं धोरण समजणारी आणि हाताने मोजमाप केलेली माणसं कमी आहेत. अभ्यासगट, नियामक आयोग, वितरण कंपन्या, सल्लागार संस्था या सगळ्यांना ती लागतात. उपाशी राहावं लागणार नाही, पण पहिली आठ-दहा वर्षं ओढाताण होईल.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही जमतं. पण धोरणात शिरायचं म्हणून धोरणापासून सुरुवात करू नका. आधी एखादी गोष्ट स्वतः मोजा, अशी मोजा की त्या आकड्याबद्दल देशात कोणालाही काही विचारायचं असेल तर तुमच्याकडे यावं लागेल. असं का म्हणते ते एका गोष्टीवरून सांगते. माझ्या प्रत्येक तुकडीला मी ती पहिल्याच तासाला सांगते.

१९९० च्या सुमारास हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी सुरू होत होत्या. कुठला देश किती हरितगृह वायू सोडतो याचे हिशेब मांडले जात होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातखाचरांमधून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो असं धरलं होतं. हा अंदाज भारतातल्या शेतात मोजून काढलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या भातशेतीवर घेतलेली मापं आपल्या क्षेत्रफळाला लावली होती. तो आकडा तसाच टिकला असता तर दोन वेळच्या भातासाठी राबणारा शेतकरी जगाच्या तापमानवाढीचा मोठा गुन्हेगार ठरला असता.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा हे मूळचे आयनांबराचे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातून रेडिओलहरी कशा जातात याचे अभ्यासक. १९९१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने देशभरातल्या वेगवेगळ्या भातक्षेत्रांत प्रत्यक्ष मोजणी झाली. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक वेळाने आतली हवा सिरिंजने काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तपासायची. दिसायला साधं काम. पण चिखलात, वेगवेगळ्या राज्यांत, वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर ते एकाच पद्धतीने करणं फार जिकिरीचं. उत्तर आलं वर्षाला सुमारे ४० लाख टन. आधीच्या आकड्याच्या जवळपास नववा हिस्सा. कारणंही कळली: आपल्याकडचं बरंचसं भात पावसावरचं, शेतात पाणी सतत साचलेलं नसतं, मधेमधे जमीन उघडी पडते, मातीत सेंद्रिय अंश कमी. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू नसलेला चिखल लागतो, तो तितका मिळत नाही.

नंतरच्या वाटाघाटींत भारताची बाजू ज्यांनी मांडली त्यांच्या हातात हा आकडा होता. चर्चा कितीही झाल्या असत्या तरी सिरिंजमधल्या हवेने जे केलं ते त्यांना जमलं नसतं. हवामान धोरणात शास्त्रज्ञाचं काम काय, असं मला कोणी विचारलं की मला ती उपडी पेटी आठवते.

माझं स्वतःचं काम इतकं मोठं नाही, पण त्याच जातीचं आहे. पीएच.डी. केली ती कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळघरांच्या चुलवाणांवर. काहिलीत रस उकळतो, खाली चिपाड जळतं आणि धुरांड्यातून बरीचशी उष्णता आकाशात जाते. दोन हंगाम मी पहाटे चारला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं उपकरण, घेऊन चुलवाणाशी बसले. पहिल्या हंगामाचे आकडे वाया गेले, कारण चिपाडातला ओलावा रोज बदलत होता आणि मी तो आठवड्यातून एकदाच मोजत होते. हे मला गुळव्याने सांगितलं. तो चिपाड हातात चुरगाळून ओलावा ओळखायचा आणि त्याप्रमाणे जाळ कमीजास्त करायला सांगायचा. दुसऱ्या हंगामात मी रसाच्या दर खेपेला नमुना घेतला आणि त्याच्या हाताचा अंदाज माझ्या तराजूशी जुळत गेला. प्रबंधातलं सर्वांत भक्कम प्रकरण त्यातून झालं.

धोरणाशी गाठ पडली ती वेगळ्याच वाटेने. वीजदराच्या एका जाहीर सुनावणीत मी विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून गेले होते. शेतीपंपांचा वापर किती यावर वाद चालला होता. मी हात वर केला आणि पुस्तकातले, शोधनिबंधातले आकडे देऊन बोलले. समोरून एकच प्रश्न आला: "हे तुम्ही मोजलं आहे का?" नव्हतं मोजलं. मी खाली बसले. मागच्या रांगेतला एक शेतकरी उठला आणि म्हणाला, "साहेब, लाइट येते तेव्हाची नोंद माझ्याकडे वहीत आहे." त्याने तारखा आणि वेळा वाचून दाखवल्या. आयोगाने ती वही मागून घेतली. त्या दिवसापासून मी पंप मोजायला लागले.

शेतीपंप मोजणं म्हणजे काय ते सविस्तर सांगते, कारण ऊर्जासंशोधन आणि धोरण कुठे एकत्र येतात ते इथेच नीट दिसतं. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर येतं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. कागदावर ५ अश्वशक्ती असेल तर वापर किती, हे गुणाकाराने काढता येईल असं वाटतं. शेतावर जाऊन बघा. पाटीवर ३ लिहिलेलं आणि मोटार प्रत्यक्षात साडेसातची. शेवटच्या पोलवर विजेचा दाब (व्होल्टेज) इतका कमी की मोटार जास्त करंट ओढते आणि जळते. गावातला वाइंडिंगवाला ती भरून देतो, दरवेळी मूळ तारेचंच माप राहतं असं नाही, आणि प्रत्येक वेळी कार्यक्षमता थोडी खाली येते. लाइट कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे बहुतेकांनी ऑटो स्विच लावलेले असतात. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वाहिनी, चालू झाला की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर (रोहित्रावर) ताण येतो. काही ठिकाणी चोरून वीज घ्यायला तारेवर आकडे टाकलेले असतात, त्यांची कुठेच नोंद नसते.

यात भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. १०० घनमीटर पाणी ३० मीटर वर उचलायला, काहीच वाया गेलं नाही तर, ८ युनिटच्या आसपास वीज पुरते. पंप, मोटार आणि पाइप मिळून कार्यक्षमता ३० टक्के असेल तर तेच काम २७ युनिट खातं. मधली १९ युनिटं कोणाच्या पिकाला लागली? कोणाच्याच नाही. आणि ती भरून कोण देतं? थोडी सरकारच्या अनुदानातून, थोडी कारखान्यांच्या आणि दुकानांच्या जास्त दरातून. म्हणजे विजेचा दाब, पाइपचा व्यास आणि फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) हे विषय सरळ राज्याच्या अर्थसंकल्पात जातात.

मीटर नसल्याचा आणखी मोठा परिणाम आहे. एकूण वीज किती पाठवली ते ठाऊक असतं, मीटरवर किती विकली तेही. उरते ती शेतीची अधिक गळतीची, म्हणजे वाटेत वाया किंवा चोरीला गेलेली. शेतीचा वापर फुगवून सांगितला की गळती आपोआप कमी दिसते. ऊर्जाधोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या 'प्रयास' गटातले गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९० च्या दशकात नेमकी हीच जागा पकडली. १९९६ मध्ये त्यांनी सिंचन पंपांच्या अनुदानाचा लाभ खरोखर कोणाला होतो यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत हाच हिशेब उघडला गेला. वर्षानुवर्षं अठरा टक्क्यांच्या आत सांगितली जाणारी गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. आयोगाने नेमलेल्या अभ्यासगटाने फीडरच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि २०२० च्या आदेशात शेतीचा वापर खाली, गळती वर अशी दुरुस्ती पुन्हा झाली.

गिरीश संत आयआयटी मुंबईत शिकलेले, आणि २०१२ मध्ये अकाली गेले. ते विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, तरी महाराष्ट्रात ऊर्जाधोरणाचं संशोधन कसं करावं हे माझ्या पिढीने त्यांच्याकडून घेतलं. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार झाला. वर्तमानपत्रांत भांडण चालू होतं ते परकी कंपनी हवी की नको यावर. 'प्रयास' गटाने कराराचा कागद घेतला आणि गणित मांडलं: वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरशी बांधलेला, मग रुपया घसरला तर मंडळाचं काय होईल? १९९५ मधलं ते विश्लेषण वाचा. पुढे मे २००१ मध्ये मंडळाला ती वीज घेणं थांबवावं लागलं.

त्यांच्याही आधीचे, आणि तुमच्यासाठी सर्वांत जवळचे, अमूल्य रेड्डी. जवळचे म्हणते कारण तेही प्रयोगशाळेतून आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विद्युतरसायनशास्त्रज्ञ, बॉक्रिस यांच्याबरोबर लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथावर जगभरचे विद्यार्थी शिकले. १९७४ मध्ये त्यांनी संस्थेत 'अस्त्र' नावाचा गट काढला, ग्रामीण भागासाठी विज्ञान वापरायचा. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी ऊर्जेचा हिशेब घेतला: सरपण किती, ते आणायला बायकांचे किती तास, पाणी आणायला किती. पुरा नावाच्या गावात सामुदायिक बायोगॅस संयंत्र उभारलं ते आधी स्वयंपाकासाठी. सगळ्या घरांच्या चुलींना पुरेल इतकं शेण गावात नव्हतं. मग तोच गॅस इंजिनाला जोडून पिण्याचं पाणी आणि घरात दिवे दिले, आणि तेव्हा योजना गावाची झाली. हे मान्य करायला मोठं मन लागतं. आपण सोडवायला घेतलेला प्रश्न लोकांचा पहिला प्रश्न नव्हता, हे मोजमापानेच त्यांना दाखवलं.

त्या खेड्यांतल्या हिशेबातून त्यांची पुढची मांडणी आली. कर्नाटकाला २००० साली किती वीज लागेल याचा अंदाज एका सरकारी समितीने १९८७ मध्ये मागच्या वाढीचा दर पुढे ओढून काढला होता. रेड्डी आणि सहकाऱ्यांनी उलटीकडून सुरुवात केली: लोकांना उजेड, पाणी, शिजवलेलं अन्न, कारखान्यात उष्णता हवी आहे, ती देण्याचा कमी विजेचा मार्ग कोणता? प्रत्येक घराला वीज धरूनसुद्धा त्यांची गरज समितीच्या अंदाजाच्या जवळपास ४० टक्के आली. संत-दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी केलेलं कमीत कमी खर्चाचं वीजनियोजन याच विचारातलं आहे.

आता तुमच्या पेरोव्हस्काइटकडे येते. विषय उत्तम आहे. २००९ मध्ये जपानमध्ये पहिला सेल झाला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेले प्रयोगशाळेतले सेल ३४ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. पण जगातल्या शेकडो प्रयोगशाळा विक्रमाच्या शर्यतीत आहेत आणि त्यांच्याकडची यंत्रं आपल्या विद्यापीठांत नाहीत. मी तुमच्या जागी असते तर टिकाऊपणा घेतला असता. ओल, उष्णता आणि अतिनील किरणं यांनी हा पदार्थ बिघडतो, त्यात शिसं असतं. सोलापूरच्या मे महिन्यात छतावरच्या पॅनलचं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. साधं सिलिकॉन पॅनलही २५ अंशांवरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के गमावतं, म्हणजे ६० अंशांना १२ टक्के गेले. कारखान्यातून ज्या पाटीनिशी पॅनल येतं, ती २५ अंशांची असते. तुमच्या गच्चीवरची परिस्थिती हीच तुमची प्रयोगशाळा आहे आणि ती जर्मनीतल्या संशोधकाला मिळणार नाही.

आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक (सौरवीज) केंद्राने देशभर फिरून बसवलेल्या पॅनलची तपासणी केली, तीही एकदा नव्हे, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. उष्ण प्रदेशात आणि छतावरच्या छोट्या संचांत ऱ्हास जास्त असल्याचं त्यांना दिसलं. या निष्कर्षाला धोरणात लगेच जागा आहे. अनुदान देताना दर्जाची अट काय घालायची, हमी किती वर्षांची मागायची, बँकेने कर्जाची मुदत काय ठेवायची, हे सगळं त्यावर ठरतं. तुमचा प्रबंध असा बेतला तर धोरणासाठी वेगळा रस्ता धरायची गरजच राहत नाही.

आकड्यांबद्दल एक खोड लवकर लावून घ्या: प्रत्येक आकड्याला विचारायचं, तू कशाचा आहेस? जून २०२५ अखेर भारताच्या सुमारे ४८५ गिगावॉट स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची, झाली, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. आनंदाची गोष्ट आहे आणि खरी आहे. पण ती क्षमता आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही ७० टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सूर्य रात्री नसतो. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षभर पूर्ण ताकदीने चालला असता तर ८७.६ लाख युनिट झाले असते, रात्र आणि ढग जमेस धरून त्याचे २० टक्के घेतले तर साडेसतरा लाख होतात. दर युनिटला ग्रिडवर साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला बाराशे टन वाचतात. एवढा हिशेब तुम्हाला झोपेतून उठवलं तरी करता आला पाहिजे. धोरणाच्या बैठकीत लॅपटॉप उघडायला वेळ मिळत नाही.

कायदा वाचायला घाबरू नका. विद्युत अधिनियम २००३ पासून सुरू करा. कलम ६१ आणि ६२ दराबद्दल, ६४ मध्ये लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायची तरतूद, ८६ मध्ये राज्य आयोगाची कामं, त्यातच अपारंपरिक विजेला प्रोत्साहन. मग महावितरणची एक दर याचिका आणि तिच्यावरचा आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचा. आदेश शेकडो पानांचा असतो. पहिल्यांदा फक्त शेतीचं प्रकरण वाचा. हरकत मराठीत देता येते, सुनावणीत मराठीत बोलता येतं. मी विद्यार्थ्यांकडून दोन पानांपेक्षा जास्त लिहून घेत नाही: कुठला तक्ता, त्यातला कुठला आकडा, आमचं माप काय, आमचं मागणं काय.

आंतरराष्ट्रीय बाजूची ओढ तुमच्या प्रश्नात दिसते. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, अहवालांचे लेखक सरकारं आणि निरीक्षक संस्था सुचवतात, त्यांना मानधन नसतं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ऊर्जा-अर्थव्यवस्थेच्या प्रतिमानांवर आयुष्यभर काम केलेले प्रियदर्शी शुक्ल सहाव्या अहवालात उत्सर्जन कमी करण्याच्या कार्यगटाचे सहअध्यक्ष होते. तिथे पोचायला वीस-तीस वर्षं लागतात. पण मसुद्याचं परीक्षण करायला पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही नाव नोंदवता येतं, आणि प्रत्येक शेऱ्याला लेखकांना उत्तर द्यावं लागतं. आपल्या एकाच विषयाच्या प्रकरणावर पाच नेमके शेरे द्या. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश देशांचे प्रतिनिधी ओळीओळीने मंजूर करतात, तिथे एका विशेषणावर रात्र जाते. मूळ प्रकरणात भारतातलं माप नसेल तर त्या रात्री आपल्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

आता जी बाजू कोणी सांगत नाही ती. या कामाला बढतीच्या तक्त्यात रकाना नाही. एका संस्थेत असताना माझी तीन वर्षांची पंपांची मोजणी आणि आयोगापुढची निवेदनं "संशोधनात मोजता येत नाहीत" म्हणून बाजूला ठेवली गेली आणि माझी बढती अडकली. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यातून एवढं शिकले की प्रत्येक मोजणीतून एक रीतसर शोधनिबंध काढायचाच. आधी निबंध, मग निवेदन. त्यामुळे बढतीही होते आणि सुनावणीत कोणी पद्धतीवर शंका घेतली तर तज्ज्ञांनी तपासलेला कागद पुढे करता येतो.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे निबंध किती हे सगळेच बघतात. तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि विचारा: उपकरण बिघडलं तेव्हा सर किंवा मॅडम प्रयोगशाळेत आले होते का? आणि मापं अपेक्षेच्या उलट आली तेव्हा काय म्हणाले? पैसा कोणाकडून येतो तेही विचारा. कंपनीचा पैसा घेण्यात गैर काही नाही, पण तो निवेदनाच्या पहिल्या पानावर लिहिलेला असला पाहिजे आणि निष्कर्ष छापण्याचा हक्क तुमच्याकडे असला पाहिजे. तो नसेल तर तो प्रकल्प घेऊ नका.

विद्यापीठात जागा मिळाली नाही तर संशोधन संपलं असं मुळीच समजू नका. अनिल राजवंशी फ्लोरिडातून पीएच.डी. करून १९८१ मध्ये फलटणला आले आणि निंबकर कृषी संशोधन संस्थेत गोड ज्वारीपासून इथेनॉल, गॅसिफायर, कंदील, विजेवरची सायकलरिक्षा यांवर काम करत राहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फलटणसारख्या गावात राहिल्यामुळे त्यांचे प्रश्न खरे राहिले असं मला वाटतं.

आणि मराठी येणं ही तुमची मोठी ताकद आहे. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोळसा कमी करायचा म्हटल्यावर तिथले कंत्राटी कामगार, राख वाहणारे ट्रकवाले, टपरीवाले यांचं काय, यावर इंग्रजीत अहवाल लिहिले जातील. त्या माणसांशी त्यांच्या भाषेत दोन तास बसून बोललेला संशोधक मात्र क्वचित सापडतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचंही तसंच. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून सुरू झाली, आता राज्यभर उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. दिवसा लाइट मिळाल्यावर शेतकऱ्याने पाणी जास्त उपसलं का, विहिरीची पातळी कुठे गेली, रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने जाणं थांबलं का? हे गावात राहून, दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे मोजावं लागेल. तुमच्या ओळखीत कोणी प्रबंधाचा विषय शोधत असेल तर हा विषय त्यांना माझ्याकडून द्या.

तुम्ही स्वतः मात्र प्रवेशाची वाट बघत बसू नका. एक छोटं पॅनल, मागे चिकटवायला तापमानाचा सेन्सर, व्होल्टमीटर, अॅमीटर आणि वही एवढं विभागातून मिळेल. गच्चीवर ठेवा. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला नोंद, मार्चपासून जूनपर्यंत. धूळ पुसलेला दिवस आणि न पुसलेला दिवस वेगळे लिहा. ढग आले तर तेही लिहा, आणि एखादी नोंद चुकली तर ती जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. पीएच.डी.च्या मुलाखतीला जाल तेव्हा ती वही सोबत न्या. आणि वीजदराची पुढची सुनावणी जवळच्या शहरात लागली की जा. संघटनांची भाषणं सकाळी होतात, वकील बोलून निघून जातात, दुपारनंतर खुर्च्या रिकाम्या होतात. खेड्यातून एसटीने आलेली माणसं तेव्हा बोलायला उठतात. त्यांचं संपेपर्यंत थांबा आणि वेळा, तारखा, दाब असं जे काही ते सांगतील ते उतरवून घ्या.